दारातला काटा

मंगळवारी दुकान बंद असायचं, म्हणून नवरा दुकानातला वजनकाटा काखेत मारून घरी घेऊन आला. दवाखान्यातले लोक खोटं सांगतात, आपल्या डोळ्यांदेखत पोर मापा, असा सासूबाईंचा हट्ट होता. भंगारवाल्याचं घर ते. मापल्याशिवाय तिथे कुणी कुणाचं ऐकत नसे. दोन महिन्यांची पोर उघडी करून ताटावर निजवली. आकडा आला तीन किलो चारशे.

आठच दिवसांपूर्वी दवाखान्याच्या कार्डावर तीन आठशे लिहिलं होतं.

"उपाशी मारतेयस माझ्या लेकीला!" नवऱ्याने बायकोच्या अशी कानशिलात लगावली की ती भिंतीवर जाऊन आदळली.

दोन वर्षांपूर्वी या सुनेने पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं होतं. पन्नास किलो उतरले, मग दिवस राहिले. आता तिचं पोट मुठीएवढं होतं. दिवसातून सहा वेळा ती थोडंथोडं खायची. आधी अंडं किंवा डाळ, एकेक घास पंचवीस वेळा चावून. पाणी अर्ध्या तासाने. शिवाय गोळ्या, प्रोटीनची पावडर आणि दर महिन्याला दंडात सुई. आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं होतं, "दूध पुरतंय. प्रोटीन चुकवू नकोस आणि गोडाला हात लावू नकोस." बिचारी हे सगळं डोळ्यांत तेल घालून पाळत होती. सासूबाईंच्या लेखी मात्र ही फिगर सांभाळायची थेरं होती.

"पोट कापून घेतलेल्या बाईला कुठलं दूध येणार!" सासूबाई वाडगा घेऊन आल्या. साखर ओतलेली घट्ट लापशी, वर बोटभर तूप. "हात धर रे तिचे. आज वाडगा संपल्याशिवाय सोडायची नाही."

"आई, नको! मला सोसत नाही, तुम्हाला माहितीये..."

नवऱ्याने तिचे दोन्ही हात पाठीमागे पिरगाळले. सासूबाईंनी तिचं नाक दाबलं. श्वासासाठी तोंड उघडलं तेवढ्यात चमचा घशापर्यंत कोंबला. दुसऱ्या चमच्याला तिने दात आवळले, तर पितळी चमचा दातांवरच हाणला. एका दाताचा तुकडा पडला. लापशी लाल झाली, आणि ती लालच लापशी पुन्हा तोंडात गेली. माया म्हणे ही!

पाचव्या चमच्याला छाती धडधडायला लागली. अंगाला घाम फुटला, आतड्याला कुणीतरी पीळ घालतंय अशी कळ उठली, आणि सगळं नवऱ्याच्या पायांवर उलटून पडलं. त्याने तिला केसांना धरून त्यातच लोटलं.

"नाटकं बघ. ताई, ने गं पोरीला. बाटलीवर वाढव."

नणंद दारात पिशवी भरून उभीच होती. सगळं आधीच ठरलेलं होतं तर! तिने पोर दुपट्यात गुंडाळली. पोरीने टाहो फोडला आणि जमिनीवर पडलेल्या आईच्या झग्यावर दुधाचे दोन ओले डाग पसरले.

ते डाग बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दूध नाही म्हणे! ती टेबलाला धरून उठली. समोर काटा होता. काट्याच्या कडेला लाल रंगाचा ठिपका होता.

दुकानात दोन काटे होते. आतला माल विकताना वापरायचा. हा लाल ठिपक्याचा दारातला. लोक विकायला आणत ते भंगार यावर मापायचं. घरात सगळ्यांना ते माहीत होतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नसे. नवऱ्याने अकरा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने तो बिघडवला होता. इतकी वर्षं लोकांना तोच आकडा खरा म्हणून सांगताना हा मूर्ख माणूस स्वतःही त्यावर विश्वास ठेवायला लागला होता.

तिने फळीवरची पावडरची नवी पिशवी ओढली. सीलबंद, वर ठळक छापलेलं: एक किलो. ती ताटावर आपटली.

आठशे पन्नास.

"आता पोरीचा हिशेब करा," ती रक्त थुंकत म्हणाली. "चार किलो भरते ती. चार! आठवड्यात दोनशे ग्रॅम वाढलीये, माझ्या दुधावर."

सासूबाईंच्या हातातला चमचा खाली पडला. नणंदेने मान खाली घातली. नवऱ्याने आकड्याकडे पाहिलं, मग लाल ठिपक्याकडे. त्याने आधी जाऊन खिडकी लावली.

"बाहेर कुणाला सांगू नकोस," तो हलक्या आवाजात म्हणाला. "काट्याचं."

तिच्या फुटलेल्या दाताबद्दल एक अक्षर नाही.

तिने काटा दोन्ही हातांनी उचलला आणि सगळ्या ताकदीने त्याच्या पायावर घातला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो गुरासारखा ओरडत खाली बसला. सासूबाई पुढे झाल्या, तशी तिने पुन्हा काटा उचलला. सासूबाई जागच्या जागी थांबल्या. नणंदेने न मागता पोर तिच्या हातात दिली.

दवाखान्याच्या बाकावर ती नंबर लावून बसली. एका बाजूला पोर पीत होती. ओठ सुजले होते, झगा लापशीने आणि रक्ताने माखला होता, येणारेजाणारे वळून बघत होते. तिने पिशवीतून उकडलेलं अंडं काढलं. चारची वेळ झाली होती. चांगल्या बाजूच्या दातांनी तिने पहिला घास घेतला आणि पंचवीसपर्यंत मोजत सावकाश चावला.