सरांच्या नावाचं शेवाळ

शास्त्रात एक सभ्य रिवाज आहे. नवी जात सापडली तर तिला आपलं नाव आपणच द्यायचं नसतं. लाज वाटते म्हणे. म्हणून मार्गदर्शक लोक विद्यार्थी पाळतात. विद्यार्थ्यानं नाव द्यायचं, सरांनी ‘अरे, कशाला’ म्हणायचं आणि मग फ्लेक्स छापायला टाकायचा.

डॉ. गुणवंत सरांचं ‘अरे, कशाला’ म्हणून झालं होतं. फ्लेक्सही आला होता. ‘एन्टेरोमॉर्फा गुणवंती, उत्तनच्या किनाऱ्यावरचं नवं हिरवं शेवाळ.’ शेवाळाचा फोटो कोपऱ्यात, सरांचा मधोमध.

हे शेवाळ कुठलं? उत्तन गावाचा नाला खडकांवरून समुद्रात उतरतो ना, तिथलं. हिरव्या पोकळ नळ्या, भिंत एका पेशीची, अंगभर बारीक फांद्या. नाल्यापासून लांब, बाहेरच्या समुद्रातल्या खडकांवर तशाच नळ्या असतात, पण बिनफांदीच्या. त्या जगभर सापडतात, त्यांचं कौतुक कोणाला? फांद्या आहेत म्हणजे जात वेगळी, हे सरांचं म्हणणं. म्हणणं सरांचं, बाकी सगळं मृणालिनीचं. गुडघाभर घाणीत उभं राहून नमुने तिनं काढले, वर्णन तिनं लिहिलं, आणि तिच्या पीएचडीवर सही करणार सर. बोंबील वाळत घालणारी हौसाबाई तिला एकदा म्हणाली होती, “बाय, आमी त्याच्यावरून घसरून पडताव, न् तू डब्यान भरून न्हेतस. घरी कोन हाय का न्हाय इचारनारा?”

मृणालिनीनं सरांना एकदा घाबरत सांगितलं होतं, की परदेशात डीएनए तपासून लोकांनी एन्टेरोमॉर्फा हे नावच मोडीत काढलंय. या नळ्या आणि उल्वा नावाच्या शेवाळाची चपटी पानं एकाच घरातली निघाली, सगळ्यांना उल्वा म्हणतात आता.

“ते त्यांच्या समुद्रात,” सर म्हणाले होते.

सरांना एक पुरावा हवा होता. साधी नळी घरी वाढवली तरी तिला फांदी फुटत नाही, असा फोटो. म्हणून मृणालिनीनं भाईंदर पूर्वेच्या आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत एक टब मांडला. उत्तनहून कॅन भरभरून समुद्राचं पाणी आणलं, बाहेरच्या खडकावरच्या साध्या नळ्या सरांकडून ओळखून, तशी चिठ्ठी लिहून घेऊन त्यात सोडल्या आणि ती बहिणीच्या बाळंतपणाला महिनाभर चिपळूणला गेली.

आता भाईंदरचं पाणी सांगायला हवं. दिवसाआड येतं. आलं की माणसं पिंप भरतात, कळशा भरतात, कुकर भरतात, वाट्यासुद्धा सोडत नाहीत. आणि कालचं उरलेलं पाणी? ते शिळं. संडासात ओतायचं आणि ताजं भरायचं. घोटभर पाण्यासाठी मोर्चे काढणारं गाव, पण शिळं पाणी घरात चालत नाही. मूर्खपणाच, पण इमानेइतबारे केलेला.

मृणालिनी परत आली तर टब काठोकाठ भरलेला. सासूबाई, म्हणजे शेवंतीबाई, अभिमानानं शेजारी उभ्या.

“एकदापण चुकवलं नाही हं. पाणी आलं की चार मग शिळं काढायचं, चार मग ताजं घालायचं. तुझी ती बकऱ्याची आतडी कशी तरारलीत बघ.”

बकऱ्याची आतडी. एन्टेरोमॉर्फा या नावाचा अर्थही ‘आतड्यासारखं’ असाच होता, पण मृणालिनीला हसू आलं नाही. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी जेमतेम मचूळ. महिन्याचं काम संडासात गेलं होतं.

“आई, हे समुद्राचं पाणी होतं.”

“मग? समुद्राचं काय शिळं होत नाही?”

ती टब ओतायलाच निघाली होती. तेवढ्यात तिला नळ्यांच्या अंगावर लव दिसली. तिनं एक नळी भिंगाखाली धरली. फांद्या. बारीक, अंगभर, थेट गुणवंतीसारख्या.

म्हणजे नवी जात वगैरे काही नव्हतंच. तीच जुनी नळी. खाऱ्या पाण्यात गोडं मिसळलं की तिला फांद्या फुटतात. गॅलरीत शेवंतीबाईंनी मिसळलं, उत्तनला नाल्यानं. सरांचं नाव गावाच्या सांडपाण्यावर पोसलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं केबिनमध्ये सरांना सगळं सांगितलं. सरांनी चहा संपवला.

“तुझ्या सासूनं मग ओतले, हे मी कुठल्या जर्नलला पाठवू?”

“सर, आपण नीट प्रयोग करून बघू. थोडे दिवस थांबू या.”

“शनिवारी कार्यक्रम आहे. नगरसेवक येतायत, शाली आल्यात. तू स्टेजवर नाव जाहीर करायचंस. सोमवारी थिसिस आण, सही करतो.” मग मायेनं म्हणाले, “नाही जमलं तर आणू नकोस.”

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा शेवंतीबाई भाजी निवडत होत्या.

“खोटं बोलायचं नि सही घ्यायची, एवढंच ना? घेतात की लोक.”

“मग घेऊ?”

“मला काय विचारतेस? मी आपली पाणी भरणारी.”

शनिवारी हॉल भरला. मृणालिनी स्टेजवर आली ती काचेच्या दोन बरण्या घेऊन. दोन्हीत हिरव्या, फांद्यांच्या नळ्या.

“सर, नाव जाहीर करण्याआधी तुम्हीच ओळख करून द्या. यातली गुणवंती कोणती?”

सरांना माइक मिळाला की विचार करायची सवय नव्हती. त्यांनी भिंग काढलं, दोन्ही बरण्या नगरसेवकांना दाखवल्या. “फांद्या बघा साहेब. दोन्ही गुणवंतीच. आंधळ्यालासुद्धा कळेल.”

“ही नाल्यातली,” मृणालिनी म्हणाली. “आणि ही बाहेरच्या खडकावरची साधी नळी. तुम्हीच ओळखून दिलेली, तिची चिठ्ठी माझ्याकडे आहे, तुमच्याच अक्षरात. माझ्या सासूबाईंनी तिच्यात नळाचं पाणी घातलं, एवढंच. जात नवी नाही सर. पाणी पातळ आहे.”

मागच्या रांगेतून कोणीतरी फसकन हसलं. नगरसेवकांनी शेजाऱ्याला विचारलं, “मग शाल कोणाला द्यायची?” सरांनी माइक बंद केला आणि तरीही बराच वेळ त्यात बोलत राहिले.

सही मिळाली नाही. मिळणारही नव्हती. सरांनी विद्यापीठाला कळवलं, की मुलीचं लग्नानंतर अभ्यासात लक्ष नाही. मृणालिनीला नवा गाइड शोधावा लागला, नवा विषय नोंदवावा लागला, आणि पहिली वर्षं गेली ती गेलीच. विषय मात्र शोधावा लागला नाही.

आता गॅलरीत तीन टब आहेत. पाणी आलं की शेवंतीबाई मग घेऊन हजर.

“यातलं किती काढू?”

“पहिल्यातलं चार मग. दुसऱ्यातलं दोन.”

“आणि ह्यातलं?”

“त्याला हात लावायचा नाही, आई. ते समुद्राचंच राहणार.”

शेवंतीबाई त्या तिसऱ्या टबापाशी उभ्या राहतात. नळ धो धो वाहत असतो, मग हातात असतो.

“शिळं राहील गं ते.”

“राहू दे.”

शेवटी त्या टबावर परात उपडी घालायला जातात, मृणालिनी ओरडते की नळ्यांना ऊन हवं, आणि मग त्या टबाकडे पाठ करून बाकीचं घर भरायला लागतात.