अर्धा राहिलेला आठवा भाग

मित्रांनो, नांदे गावातल्या एका घरात भिंतीवर टांगलेला मी जुना टीव्ही. जुना म्हणजे माझ्या जातीच्या मानाने जुना. तुमच्या शाळेतली बाकं माझ्याहून वयस्कर असतील. कारखान्यातून निघालो तेव्हा माझी काच लखलखीत होती. मारुंजीच्या सोसायटीतल्या माझ्या पहिल्या घरी मला पुसायला वेगळं मऊ फडकं होतं. पुढे माझ्या डाव्या कडेला एक हिरवी रेघ उमटली आणि ती काही जाईना. मग त्या घरात मोठा टीव्ही आला, आणि मला जिन्याखाली चपलांच्या शेजारी ठेवलं. त्याचा राग मला अजून आहे, खोटं कशाला बोलू.

तिथून मला माउलीने आणलं. माउली टेम्पो चालवतो. त्याचे वडील म्हसूआबा शेळ्या-मेंढ्या राखतात. बायकोचं नाव सायली, आणि मुलगी राजनंदिनी चौथीत आहे. या घरात मला देव्हाऱ्याशेजारची भिंत मिळाली. हिरव्या रेघेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आबा तर म्हणाले, "लई झ्याक हाय. माणसं खरी वाटत्यात."

राजनंदिनीच्या वर्गातल्या पोरांनी एका जपानी मालिकेचं खूळ घेतलं. अशा चित्रांच्या मालिकेला ॲनिमे म्हणतात, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक असेल. आभाळात तरंगणारे डोंगर, ढगांत चरणारी मोठ्या शिंगांची जनावरं, आणि त्यातल्या एकाला पिल्लापासून वाढवणारी मुलगी. जनावराचं खरं नाव कुणाला नीट म्हणता येईना, म्हणून राजनंदिनीने त्याला शिंगाड्या केलं. वर्गातल्या आयांच्या मोबाइलवरच्या ग्रुपात प्रश्न निघाला, हे घरात सगळ्यांनी बसून बघण्यासारखं आहे का? आधी कुणीतरी बघून सांगा. सायलीकडे मोठा टीव्ही, म्हणून काम तिच्यावर आलं.

ती शेंगा सोलत माझ्यासमोर बसली. मुलींचे कपडे अंगभर आहेत ना, शिव्या नाहीत ना, चावट काही नाही ना, एवढंच ती बघत होती. सासऱ्यांच्या देखत बसून बघता आलं की मालिका पास. आबा तर स्वतःच पुढे सरकून बसले. "त्या पोरीला राखायचं कळतंय," ते म्हणाले. "जनावर बुजलं की आदी आपुन खाली बसावं. बग, बसली का न्हाई?" सायलीने ग्रुपवर बोलून पाठवलं, "बघू द्या पोरांना. आमचे आबा बी बघत्यात." माझी मान ताठ झाली, मान नसली तरी.

आता टिकल्याबद्दल सांगायला हवं. टिकल्या हा घरचा बोकड, कपाळावर पांढऱ्या ठिपक्याचा. त्याची आई विताना मेली, म्हणून राजनंदिनीने त्याला बाटलीने दूध पाजलं. तो दारातून आत डोकावायचा आणि ती त्यालाही मालिका दाखवायची. राजनंदिनी तान्ही असताना तापाने फणफणली होती, तेव्हा आबांनी देवाला बोकड बोलला होता. पोरगी जगली. नवस फेडायचा राहून गेला होता, आणि या जत्रेला टिकल्या द्यायचा, हे आबांनी तो जन्मला तेव्हाच ठरवलं होतं. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. राजनंदिनीला मात्र एवढंच सांगितलं होतं, "तो देवाचा हाय. त्याला कुनी इकनार न्हाई." त्यावर ती निर्धास्त होती.

मग आठवा भाग लागला. सगळं घर समोर होतं. डोंगरावर साथ आली होती, लेकरं आजारी होती, आणि गावाने ठरवलं की शिंगाड्याला डोंगराला द्यायचं. त्याला फुलांनी सजवून कड्याकडे नेलं. ती मुलगी त्याच्या गळ्याला मिठी मारून उभी राहिली.

राजनंदिनीने मागे वळून विचारलं, "आबा, आपल्या टिकल्याला बी असंच न्हेनार का?"

माउलीने रिमोट दाबला.

मित्रांनो, मी बंद झालो की माझ्या काळ्या काचेत समोरची माणसं दिसतात. आबा खाली बघत होते. सायली शेंगांच्या टरफलांत दाणे शोधत होती. राजनंदिनी एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. मला फार वाईट वाटलं.

"झोप आता. उद्या शाळा हाय," माउली म्हणाला.

सायलीने ग्रुपवर पुन्हा बोलून पाठवलं, "ती मालिका पोरांना दावू नगा. चांगली न्हाई." आणि माझ्यावर जुन्या साडीचा तुकडा टाकला. मालिका नापास, आणि अंधार माझ्या वाट्याला. त्या कापडाआडून मी राजनंदिनीला आणखी एकदा विचारताना ऐकलं. सायली म्हणाली, "उगा कायबी इचारू नगं." मग पोरीने विचारणं सोडलं.

जत्रेला सगळी टेम्पोतून गेली. परतली तेव्हा पाहुण्यांचा गलका होता, रश्श्याचा वास कापडातून माझ्यापर्यंत आला. राजनंदिनी जेवायला बसली नाही. पोट दुखतंय म्हणाली.

काही दिवसांनी आबांनी माझ्यावरचं कापड काढलं. पोरगी घरात मुकाट झाली होती, ते त्यांना बघवत नव्हतं. त्यांनी रिमोट तिच्यापुढे धरला.

"लाव गं तुजं कार्टून. ऱ्हायलेलं बगू आपुन दोगं."

"नको आबा," ती म्हणाली. "मला म्हाईत हाय फुडं काय झालं."

आणि ती करडांना पाला टाकायला निघून गेली.

पुढे काय झालं ते तर मलाही माहीत नव्हतं. शिंगाड्या कदाचित सुटलाही असेल. आबा रिमोट हातात घेऊन माझ्यासमोर बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "नवस तुज्यासाठीच बोललो हुतो गं." ते मी ऐकलं. जिने ऐकायला हवं होतं, ती अंगणात होती.

मित्रांनो, माझी काच पुसली नाही तरी चालेल. मला जिन्याखाली ठेवा, मधेच बंद करा, माझी तक्रार नाही. पण तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही घरात एखादं लेकरू असंच मागे वळून काही विचारेल. रिमोट नंतर दाबा. त्याला आधी उत्तर द्या.