लंगडीचा विमा

"दिसू दे गं टाका, दिसू दे गं धागा, लपवली गाठ, तीच टोचे अंगा."

मशीनच्या खडखडाटावर आईचा आवाज असा तरंगत यायचा, आणि टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात बसलेली सहा वर्षांची पोर तो कानांत साठवून ठेवायची. ती पोर आता पन्नाशीला टेकली. गल्ली तिला टेलरबाई म्हणते. आईला जाऊन आठ वर्षं होत आली. मशीन मात्र तेच, आणि कुठलंही कापड हातात आलं की उलटं करून आधी गाठ शोधायची, ही खोडही आईचीच.

आज टेबलावर कापड नव्हतं. तीन विमा कंपन्यांची तीन माहितीपत्रकं टाचण्यांनी टाचून ठेवली होती, आणि टेलरबाई हातात खडू घेऊन त्यांच्याकडे बघत होती. एकाच बाळासाठी तीन झबली बेतावीत आणि एकही अंगात जाऊ नये, तसं तिचं झालं होतं.

बाळ टेबलाखाली घोरत होतं. तपकिरी रंग, एक कान उभा, एक पडका, नाव लंगडी. नाव ऐकलं की लोक आधी तिचे पाय मोजायचे. पाय चारही धडधाकट. आठ वर्षांपूर्वी नवऱ्याने पिल्लाला उंबऱ्यातून आत सोडलं, तेव्हा ते मागचा डावा पाय पोटाशी धरून, तीन पायांवर टुणटुणत आलं आणि थेट चिंध्यांत घुसलं. "लंगडी घालतेय बघ," नवरा म्हणाला होता. आई गेल्यापासून दोन महिने टेलरबाईचे ओठ शिवल्यासारखे होते. त्या दिवशी ते उसवले, आणि ती डोळ्यांत पाणी येईतो हसली. नाव तिथेच पडलं. महिनाभरात पिल्लाने चारही पाय टेकले. नाव तेवढं तीन पायांवर राहिलं.

परवा, शनिवारी, लंगडीला आठ वर्षं पूर्ण होणार होती. आठ झालेल्या कुत्र्याचा नवा विमा कुणीच उतरवत नाही. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी महिन्यापूर्वीच तिचे गुडघे दाबून सांगितलं होतं, "आज ठीक आहेत. पण अशा अंगाच्या कुत्र्यांचे गुडघे म्हातारपणी दगा देतात. ऑपरेशन होतं, छान चालायला लागतात. पण खर्च ऐकून लोक पट्टा माझ्या टेबलावर ठेवतात आणि कुत्रं सोडून पाठ फिरवतात. विमा काढायचा तर आठच्या आत काढा."

टेबलावर ठेवलेला तो पट्टा टेलरबाईच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. म्हणून तर ही सगळी धडपड. तीन आठवडे तिने गिऱ्हाइकांच्या विजारी बाजूला सारून बारीक अक्षरं वाचली होती. पहिली कंपनी स्वस्त, पण अपघातापुरतीच.

"म्हणजे गाडीखाली सापडली तर पैसे, म्हातारी झाली तर ठेंगा," ती तेव्हा म्हणाली होती. नवरा समोर चहा ओतून घेत होता. अर्धा चहा बशीबाहेर गेला.

दुसरी कंपनी आजारपणाला पैसे देत होती, पण वर्षाची मर्यादा अशी की एका गुडघ्यातच संपावी. कुत्र्याला दोन मागचे गुडघे असतात, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. तिसरीचा हप्ता जड, पण गुडघे, दात, डोळे, सगळं तिच्या पदरात. एकच अट: 'आधीपासूनचे दोष वगळून.' तिने तिसरी धरली, फॉर्म भरला, आणि आज सकाळी उत्तर आलं. विमा मंजूर. मागचे दोन्ही पाय वगळून.

म्हणून तिन्ही पत्रकं पुन्हा टेबलावर आली होती, आणि टेलरबाईने फोन कानाला लावला होता. बराच वेळ बासरी वाजली. मग एक मुलगी बोलली.

"मॅडम, दवाखान्याच्या कार्डावर तसं लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"लंगडी. मादी. सर्व लसी दिल्या."

"अहो, ते नाव आहे तिचं."

"कोणाचं?"

"कुत्रीचं."

पलीकडे कागद हलले. "नावाच्या रकान्यात तर एका गृहस्थांचं नाव आहे."

"तो माझा नवरा."

"मॅडम, आमच्याकडे कुत्रा म्हणून त्यांचीच नोंद झालीय."

"मग त्याचे पाय वगळा. माझ्या कुत्रीचे कशाला वगळता?"

"मॅडम, मी समजू शकते."

"काय समजता? उद्या कुणी कुत्रीचं नाव पिवळी ठेवलं, तर तिची कावीळ वगळाल?"

"ते वरचे बघतात, मॅडम."

वरच्यांकडे जायला पुन्हा बासरी. वरच्याने सगळं पहिल्यापासून विचारलं, जन्मतारखेसकट, आणि त्याच्याहून वरच्याकडे पाठवलं. मधे एकदा फोन कटला. कानाची पाळी तापून लाल झाली तेव्हा कुठे तोडगा निघाला: डॉक्टरांचं पत्र हवं, आणि मालकाच्या सहीचं निवेदन, की या जनावराच्या पायांना आजवर कधीही इजा झालेली नाही. उद्या संध्याकाळच्या आत.

सवयीने तिने या बोलण्याचीही उलटी बाजू बघितली. "आणि निवेदन खोटं निघालं तर?"

"तर सगळाच विमा रद्द. पाय नाही, अख्खं कुत्रंच."

दुपारी ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई आधी पोट धरून हसल्या, मग पत्र लिहायला बसल्या. "चार महिन्यांची असल्यापासून मी हिला बघते. तेव्हापासून पाय उत्तम, एवढं मी लिहिते. त्याच्या आधीचं मालकाने लिहावं."

"त्याच्या आधीचं काय असणार? दूध प्यायची आणि झोपायची."

घरी आली तर नवरा बेकरीच्या पावाची गाडी बाहेर लावून पलंगावर बसला होता. लंगडी त्याच्या पायाशी लोळत होती. टेलरबाईने पिशवी आपटली आणि कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"पाय सोडून दे ना," तो म्हणाला. "बाकीचं घे."

"पाय सोडून कुत्र्यात उरतं काय? भुंकणं? त्याचा विमा काढू?"

"नाहीतर ती पहिली घे. स्वस्तातली."

"अहो, तीन आठवडे मी डोळे फोडून वाचलं ते काय गंमत म्हणून? तुम्हाला एका अक्षराची मदत नको करायला, आणि वर हे सोडा, ते सोडा. आता गपगुमान इथे सही करा. कार्डावर मालक म्हणून तुमचं नाव आहे, नाहीतर मीच केली असती."

तिने निवेदन टेबलावर पसरून त्यावर गजाची पट्टी ठेवली, उडू नये म्हणून. त्याने पेन घेतलं. मागे झटकलं. कोपऱ्यात रेघ ओढून बघितली.

"पेन चालत नाही."

तिने दुसरं दिलं. तेही त्याने झटकलं.

"वाच बरं एकदा," तो म्हणाला.

"तुमचे डोळे कुठे गेले?"

"वाच गं."

तिने वाचलं. "'वरील जनावराच्या कोणत्याही पायाला आजवर कधीही इजा झालेली नाही, व ते कधीही लंगडत नव्हते, असे मी सत्य प्रतिज्ञेवर सांगतो.'"

"कधीही म्हणजे? अगदी पिल्लू असतानाही?"

"कधीही म्हणजे कधीही. आता काय शब्दकोश आणू? एका नावापायी ते आपल्याला खोट्यात काढतायत, आणि तुम्ही पेनं झटकत बसा. शनिवार उजाडला की हिला कुणी दारात उभं करणार नाही. मग गुडघा गेल्यावर पट्टा ठेवायला तुम्हीच जा. मी नाही जाणार."

पेन टेबलावर ठेवून तो खाली फरशीवर बसला. लंगडीने झोपेतच शेपूट आपटलं. त्याने तिचा मागचा डावा पाय उचलला आणि तळहातावर धरला. अंगठा सराईतपणे घोट्याच्या वर, एका जागी जाऊन थांबला.

टेलरबाई बघत राहिली. थंडी पडली की तो हाच पाय तेल लावून चोळायचा. जिना उतरताना लंगडीला याच बाजूने आधार द्यायचा. आठ वर्षं ती ते बघत आली होती आणि म्हणत आली होती, लेकीला बापाने लाडावून ठेवलंय. दुसऱ्या पायाला त्याने कधी तेल लावलं होतं का, हे आठवायचा ती प्रयत्न करू लागली. आठवेना. हातातली टाचणी तिने टाचण्यांच्या गादीत खोचली, मग पुन्हा काढली.

"अहो," ती हळूच म्हणाली. "तोच पाय का?"

"नको मी सही करायला," तो पायाकडे बघतच म्हणाला. "खरं काय ते लिहून देऊ. डावा वगळतील. उजवा तरी राहील, डोळे, दात राहतील. अख्खी तरी जाणार नाही."

"खरं काय?"

त्याने पाय अलगद खाली ठेवला.

"लंगडी घालत नव्हती ती," तो म्हणाला. "बेकरीच्या आवारात गाडी मागे घेत होतो. चाक माझंच होतं. वाटेवरच्या एका डॉक्टरकडून निखळलेलं हाड बसवून घेतलं, चार दिवस तिथेच ठेवली, मग घरी आणली. दारातच सगळं सांगणार होतो तुला, शप्पथ. तोंडून भलतंच निघालं, आणि तू हसलीस."