कुलपाआडची छकुली

सरकारी पाळणाघर बंद झालं, कारण त्याचा पैसा सीमेवर लागणार होता. वॉर्डाच्या सभेत छकुलीच्या आईनंच ठणकावून सांगितलं होतं, "आधी देश, मग पाळणे!" टाळ्या पडल्या. आता सैनिकी गणवेशांच्या कारखान्यात शिवायला जाताना तिला चार वर्षांच्या छकुलीला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावावं लागे. करते काय बिचारी!

त्या दुपारी भोंगा वाजला. सराव की खरा हल्ला, कुणालाच ठाऊक नाही. कारखान्याचा नियम असा, की भोंगा झाला की फाटक बंद. धोका टळल्याचा भोंगा होईपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही. ती फाटकाकडे धावली.

"फाटक उघडा हो! माझी पोर कोंडलेली आहे!"

पहारेकऱ्यानं नियमाच्या पाटीकडे बोट दाखवलं. कापड बेतणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांनी तिला बाकावर बसवलं.

"मास्तर, आग लागली तर? ती दार कसं उघडेल?" ती पुन्हा उठू लागली. "देशासाठीच म्हटलं ना मी?"

"देशाला पहारा हवाच, पोरी. माझा मुलगाही सीमेवर आहे. पण श्रीमंत देशाकडे कापडाचं अख्खं ठाण असतं. कोट होतो, झबलंही निघतं. आपल्याकडे तुकडा. सगळा कोटालाच घातला, तर लेकरं उघडी पडणार. दोन्ही बेतूनच कात्री लावायची असते गं."

दुसरा भोंगा झाला. ती धावत सुटली. घाईत किल्ली कुलपाला लागेना.

"छकुले!"

ओ नाही की चूं नाही. तिनं सगळं घर धुंडाळलं. शेवटी पलंगाखाली सापडली पोर; तोंडात चादरीचा बोळा, कपडे ओले.

"आई, मी रडले नाही. शत्रू गेला?"

तिनं पोरीला उराशी धरलं. शत्रू आलाच नव्हता, नुसता सराव होता. पोरीला कोंडलं होतं ते आईनंच!

पुढच्या सभेत ती पोरीला कडेवर घेऊन उभी राहिली. "मी चुकले. पहारा ठेवा, पण पाळणाघरही उघडा." टाळ्या पडल्या नाहीत. मागून एक बाई हळूच म्हणाली, "माझाही आत्ता घरात कोंडलेलाच आहे." मग दुसरी बोलली, मग तिसरी.

मंडळी, सीमा राखायची ती या लेकरांसाठीच ना? मग त्यांच्याच वाटणीचं काढून घेऊन आपण नक्की कुणाला राखतो आहोत?