शिपायाच्या गोळ्या

"याला आधी स्टेरॉइड दिलं होतं का?" कुत्र्याच्या जबड्याखालचा हात न काढता डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," ती ठामपणे म्हणाली. "मी लॅबमध्येच काम करते. नमुना घ्यायच्या आधी औषध द्यायचं नसतं, एवढं कळतं मला."

मागे स्टुलावर बसलेले बाबा खोकले. त्यांचा दम्याचा खोकला तिला पाठ होता. हा तो नव्हता.

ती वळली. "बाबा?"

"अर्धीच गोळी द्यायचो गं. माझ्यातली."

टेबलावर शिपाई निमूट उभा होता. बाबांनी एका कचेरीत छत्तीस वर्षं शिपायाची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर आणलेल्या पिल्लाला तेच नाव दिलं. 'आयुष्यभर लोकांनी मला हाक मारली, आता मी मारणार,' म्हणायचे. हाक मारायचे मात्र अहो-जाहो करून.

पाच आठवड्यांपूर्वी पट्टा बांधताना तिच्या बोटांना त्याच्या गळ्याशी दोन गाठी लागल्या होत्या. घट्ट, दाबल्या तरी तो हूं की चूं करत नव्हता. "सूज दिसतेय. सोमवारी दाखवू," ती बाबांना म्हणाली होती. सोमवारी गाठी जवळजवळ नव्हत्याच. तिने फोन करून वेळ रद्द केली. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली लोकांच्या पेशी मोजणारी बाई ती. पण गाठी कशाने बसल्या, हे विचारायचं तिला सुचलं नाही. बरं वाटलं आणि तेवढ्यावर भागलं.

आता त्या लिंबाएवढ्या होऊन परतल्या होत्या. जबड्याखाली, खांद्यांपुढे, मागच्या गुडघ्यांमागे.

"लिम्फोमा आहे," नमुना तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले. "गाठींतल्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. गोळीनं गाठी बसतात, पण ज्या पेशी उरतात त्या औषधाला सरावतात. सुरुवातीलाच केमोची इंजेक्शनं दिली असती, तर वर्षभर तरी बरा काळ मिळाला असता बहुधा. आता देऊन बघता येतील, पण मी भरवसा देणार नाही."

"नको," बाबा म्हणाले. "अकरा वर्षांचे आहेत ते. टोचाटोची नको."

"मग आराम पडेल असं काहीतरी देऊ," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी चिठ्ठीवर तीच गोळी लिहिली.

वाटेत गोळ्या घेऊन तिघं घरी आली. तिने दार लावलं आणि ती फुटली.

"दुसऱ्याची औषधं कुणाला द्यायची नसतात, हे मी जगाला सांगत फिरते आणि माझ्याच घरात! कुणाला विचारलंत?"

"तू म्हणालीस सूज आहे. माझी छाती सुजते तेव्हा हीच गोळी देतात ना? मला वाटलं..."

"वाटलं! आणि महिनाभर जिना चढताना धापा टाकत होतात ते? गोळ्या घेता ना, विचारलं की 'घेतो' म्हणायचात!"

"घेत होतो की. अर्धी."

तिचा आवाज आणखी चढला. "माझ्याकडे मागायची होतीत ना! एक शब्द बोलायचा होतात!"

"तू ओरडली असतीस."

शिपाई आळीपाळीने दोघांकडे बघत होता. मग तो जाऊन बाबांच्या पायांवर हनुवटी टेकून बसला. गाठींमुळे मान जरा तिरकी करून.

ओट्यावर बाबांचा गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा होता. दर रविवारी तीच तो भरायची आणि दर रविवारी तो रिकामा मिळाला की तिचं समाधान व्हायचं. तिने कपाटातून तसाच दुसरा डबा काढला. चिठ्ठी समोर ठेवून शिपायाच्या गोळ्यांनी कप्पे भरले. झाकणं इतक्या जोरात लावली की एक तडकलं.

"देऊ का आता त्यांना?" बाबांनी हळूच विचारलं.

"आधी तुमची. अख्खी."

त्यांनी गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्याले, आणि कुणी न सांगता तिच्यापुढे तोंड उघडलं. ती वाकली. जिभेखाली बघितलं, गालांच्या आत बघितलं. राग अजून गेला नव्हता.

"बघ, गिळली," ते म्हणाले, आणि मग खाली वाकून तळहात पुढे केला. "चला, शिपाई. आता तुम्ही."