सरावलेली भुरी

दोघी बहिणींची काकडीची पॉलीहाऊस एकमेकींना खेटून होती. मध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. थोरलीला सगळे मास्तरीण म्हणत, कारण औषधाच्या पुडीवरचा मुंगीएवढा मजकूरही ती बोट फिरवत शेवटपर्यंत वाचायची. धाकटीला तेवढा धीर नव्हता. "ताई, पुडी मारायची असते, पाठ नाही करायची," असं ती हसून म्हणायची.

त्या हंगामात भुरी आधी धाकटीकडे आली. पानांवर पीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके. औषधवाल्यानं तिला आंतरप्रवाही बुरशीनाशक दिलं.

"हे पानावर नुसतं बसत नाही, झाडाच्या अंगात भिनतं," तो म्हणाला. "पण लागोपाठ दोनदाच. मग पुडी बदलायची. नाहीतर बुरशी याला सरावते आणि मग कशालाच दाद देत नाही."

धाकटीनं मान डोलावली. दोन फवारण्या झाल्या आणि नवी पानं हिरवीगार निघाली. पुढच्या खेपेला बदलून दिलेल्या औषधाचे काकडीवर पांढरे डाग पडले, व्यापाऱ्यानं नाक मुरडलं, आणि ती पुन्हा पहिल्याच पुडीवर आली.

"परत तेच?" औषधवाल्यानं विचारलं.

"माझ्यासाठी नाही हो. ताईनं मागवलंय."

मास्तरीणबाईंचं नाव ऐकल्यावर त्यानं पुढे काही विचारलं नाही. त्यानंतरही तिनं तीन वेळा ताईच्याच नावावर ती पुडी आणली. एकूण सहा फवारण्या झाल्या. दर वेळी गुण थोडा उशिरा यायचा, थोडा कमी यायचा. सहाव्यानंतर भुरी जागची हललीच नाही. बुरशी सरावली हे तेव्हा धाकटीला कळलं, पण तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

मग तीच भुरी मधली वाट ओलांडून ताईकडे गेली. ताईनं त्याच दुकानातून तीच पुडी आणली, मोजून माप घेतलं, तोंडाला फडकं बांधलं, झाड न् झाड भिजवलं. आठवड्यात तिचं पॉलीहाऊस पांढरं झालं.

"चल माझ्याबरोबर," ताई म्हणाली. "त्या माणसानं खोटा माल दिलाय."

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. ताईनं रिकामी पुडी फळीवर आपटली. "यात औषध आहे की खडूची भुकटी?"

"बाई, माल अस्सल आहे. पण तुम्ही हेच लागोपाठ पाच वेळा..."

"मी? मी आयुष्यात एकदा मारलंय हे!"

औषधवाल्यानं धाकटीकडे पाहिलं. धाकटी भिंतीवरच्या बियाण्याच्या तक्त्याकडे बघत राहिली. आत्ता बोलेन, आत्ता बोलेन, असं म्हणता म्हणता क्षण निघून गेला.

"पुड्या परत आणा," औषधवाला हळूच म्हणाला. "बदलून देतो."

"म्हणजे खोटाच होता!" मागून कुणीतरी म्हणालं. दोन गिऱ्हाइकं घेतलेला माल फळीवर ठेवून निघून गेली.

पुढचे चार दिवस धाकटीला अन्न गोड लागलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. ताईनं नुसती हाक मारली तरी तिला धस्स व्हायचं. पाचव्या दिवशी ती दुकानात गेली. एरवी उभं राहायला जागा नसायची, तिथे औषधवाला एकटाच बसला होता.

"ते सगळं मीच वापरलं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"दोन बहिणींत मी कशाला काडी टाकू? वाटलं, तुम्हीच बोलाल." त्यानं फळीवरची धूळ हातानं पुसली. "मला सांगून काय उपयोग? मला तर त्याच दिवशी कळलं होतं."

ताई वाळलेली पानं खुडत होती. धाकटीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ताईचे हात थांबले.

"माझ्या नावावर किती?"

"चार."

"माझं पीक गेलं, ते जाऊ दे. पण तू माझ्या तोंडून त्या माणसाला चोर म्हणवलंस. आणि शेजारी उभी राहून ऐकलंस." ताईचा आवाज चढला नाही, आणि तेच धाकटीला सोसवेना. "उद्या बाजार भरलेला असताना जायचं. बोलणार तू. माझी माफी मी मागेन."

दुसऱ्या दिवशी धाकटी भर बाजारात, दुकानासमोर उभी राहून बोलली. एक शब्द गाळला नाही. ताईनं औषधवाल्यापुढे हात जोडले. "झालं ते झालं," तो म्हणाला, पण हसला मात्र नाही.

दोघींनी दोन्हीकडचे वेल मुळासकट उपटले आणि खोल खड्ड्यात पुरले. तीन दिवस काम चाललं. ताई कामापुरतं बोलायची: विळा दे, तिकडून धर.

मग धाकटी दुकान सोडून गेलेल्या त्या दोन गिऱ्हाइकांच्या घरी गेली. पहिल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं झालं सांगितलंस, जातो उद्या." दुसऱ्या घरातल्या बाईनं दारातूनच हात हलवला.

"असेल तुझं खरं. पण आम्ही आता दुसरीकडून घेतो. एकदा मनात आलं की आलं, बाई."

दार लागलं. धाकटीनं पुन्हा कडी वाजवली.