तारा का हलतो

सूतगिरणीत एकतीस वर्षं फिटर म्हणून राबलेला गणपती निवृत्त झाला आणि दुसऱ्याच महिन्यात दुर्बिणीच्या नादाला लागला.

त्याचं असं झालं, की कोल्हापूरच्या हौशी मंडळींनी हातकणंगल्याच्या शाळेत एका संध्याकाळी शनी दाखवला. गणपतीनं रांगेत उभं राहून तो पाहिला आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहिला. चौथ्या खेपेला दुर्बिणीजवळ उभ्या असलेल्या निशा मॅडमनी विचारलं, "काका, अजून काय बघायचं राहिलंय?"

"शनी झाला बगून," गणपती म्हणाला. "ह्येच्या खालचं यंत्र कसं फिरतंय, त्ये बगाय आलोय."

निशा मॅडम कोल्हापुरात कॉलेजवर फिजिक्स शिकवायच्या. त्यांनी त्याला यंत्राचं झाकण उघडूनच दाखवलं. त्या यंत्राला माऊंट म्हणतात. पृथ्वी फिरते म्हणून तारा आभाळातून सरकत जातो, आणि माऊंट त्याच्या मागोमाग दुर्बीण अलगद फिरवत राहतो. आतले दाते आणि त्यांना फिरवणारा आटेदार दांडा बघून गणपतीचे हात शिवशिवले. पुढं चार महिन्यांनी त्यानं पुण्याच्या एका माणसाकडून जुना माऊंट आणि दुर्बीण घेतली. मुलगा प्रसेनजीत पुण्यातच नोकरीला होता, त्यानं ती आणून दिली आणि सोबत आपला जुना लॅपटॉपही दिला.

बायकोनं, आक्काताईनं, खोकी उघडताना बघितलं आणि म्हणाली, "गिरणीतनं सुटलासा म्हणून मी शेरभर पेढे वाटलं. आता गिरणीच घरात आली की."

खालच्या अंगणातून ध्रुवतारा दिसत नव्हता. आपल्या भागात तो मुळातच फार खाली असतो, त्यात शेजारच्या हंबीररावाचं घर आडवं यायचं. माऊंटचा आस ध्रुवताऱ्याकडं नेमका रोखल्याशिवाय पुढचं काहीच जमत नाही. म्हणून सगळा बाडबिस्तरा वर गेला. वर झोपायची एकच खोली होती आणि तिच्यापुढं उघडी गच्ची. तिथं उभं राहिलं की उत्तरेला उसाचे फड आणि त्यांच्यावर वीतभर उंचीवर ध्रुवतारा. रोज संध्याकाळी गणपती गुडघे टेकून, मान वाकडी करून तो तारा भिंगातल्या खुणेवर आणायचा. आठवडाभरात त्याची मान धरली, पण हात बसला.

जानेवारीत मृग चांगला वर यायला लागला, तेव्हा त्यानं निशा मॅडमना फोन केला. मृगाच्या पट्ट्याशी घोड्याच्या तोंडासारखा एक काळा ढग आहे, त्याचा फोटो त्याला काढायचा होता. मॅडम म्हणाल्या, "काका, त्याला पाच-पाच मिनिटांचे फोटो लागतील. नुसत्या माऊंटवर भागायचं नाही. गाईडिंग लावा."

गाईडिंग म्हणजे मोठ्या दुर्बिणीवर एक छोटी दुर्बीण बसवायची आणि तिच्या मागं एक चिमुकला कॅमेरा. तो कॅमेरा एकच तारा धरून बसतो आणि दर दोन सेकंदांनी बघतो. तारा जागचा हलला की लॅपटॉप मोटारीला सांगतो, जरा इकडं घे, जरा तिकडं घे. तारा किती हलला त्याचा आलेख पडद्यावर सरकत राहतो. सगळं नीट असेल तर आलेखातली रेघ शांत वाहते.

"आणि फोटो चालू असताना स्लॅबवर कुणी चालायचं नाही," मॅडमनी बजावलं. "उजेडही नको."

गणपतीनं ते शब्दन् शब्द पाळलं. खोलीच्या खिडकीला काळं कापड लावलं, दिवा बंद ठेवायचा ठरवून टाकलं. माऊंट चालू करून दिला की तो खाली स्वयंपाकघरात येऊन बसायचा. वरच्या लॅपटॉपचा पडदा त्याला मोबाईलवर दिसायचा. आक्काताई साडेनवाला वर झोपायला जायची.

"तुमच्या ताऱ्यापायी मला अंधारकोठडी," ती म्हणायची. पण जायची.

पहिल्या रात्री ती झोपायला गेल्यावर रेघ अर्धा तास शांत होती. सव्वादहाला तिनं एकदम उडी मारली, मग पुन्हा, मग पुन्हा. त्या वेळच्या फोटोत तारे ठिपक्यासारखे न येता तांदळाच्या दाण्यासारखे लांबट आले. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्रीही तेच. गणपतीनं दिवसा माऊंट खोलला, जुनं ग्रीस पुसून नवं भरलं, आटेदार दांड्याची पकड केसभर सैल केली, जास्तच सैल झाली असं वाटल्यावर पुन्हा केसभर घट्ट केली. रात्री रेघ पुन्हा उडाली. पुण्याच्या माणसानं फसवलं, असं तो दोन दिवस धुसफुसत होता.

निशा मॅडम फोनवर म्हणाल्या, "काका, दात्यांचा दोष असला तर झटका ठराविक मिनिटांनी येणार. दांड्याचा एक फेरा झाला की पुन्हा तोच झटका. तुमचे झटके तसे येतात का?"

हे ऐकून गणपतीला स्वतःचीच लाज वाटली. गिरणीत सूत कातायचा साचा खडखडायला लागला की नवशिके लगेच पाना उचलायचे. हाच त्यांना ओरडायचा, आधी घड्याळ बघा, खडखड किती वेळानं येते ते मोजा. एकतीस वर्षांच्या त्या खडखडीनं त्याचे कान निम्मे गेले होते, पण मोजायची सवय गेली नव्हती. मग पाना उचलायची एवढी घाई कशी झाली?

त्या रात्री तो वही घेऊन बसला. आधी त्याला रेल्वेचा संशय होता, पण मिरजेकडून गाडी आली नि गेली, रेघ ढिम्म हलली नाही. वारा पडलेला होता. पाण्याची मोटार बंद होती. सव्वादहा वाजले आणि झटके सुरू झाले. त्यानं लिहून काढले. लहान लहान सात झटके, मग थोडी उसंत. पुन्हा सात, पुन्हा उसंत. एकदा सहाच. मग दहा मिनिटं काही नाही आणि पुन्हा सात.

दाते असे चुकत नाहीत. यंत्र कधी सहा, कधी सात करत नाही. वहीकडं बघता बघता त्याच्या ध्यानात आलं, की हे कुणीतरी चालतंय. सात पावलं टाकतंय, वळतंय आणि सात पावलं परत येतंय.

वरची खोली सात पावलांची होती.

तो जिन्यानं वर गेला. दार हळूच ढकललं आणि मोबाईलचा उजेड जमिनीवर पाडला. आक्काताई भिंतीला एक हात लावून उभी होती. अनवाणी. फरशीवर पाणी शिंपडलेलं होतं आणि तिची पावलं ओली होती.

"काय करालीयास?" गणपतीनं विचारलं.

"काय न्हाय. झोप मोडली."

"रोज सव्वादहालाच मोडती व्हय?"

 त्यानं तिला खाटेवर बसवलं. तरी ती पाय फरशीवर दाबून बसली.

"तळवं पेटत्यात," ती शेवटी म्हणाली. "इस्तवावर उभं ऱ्हायल्यागत. गार फरशीवर चाललं की जरा बरं वाटतंय. मग पडतो घटकाभर. पुन्यांदा पेटलं की उठतो."

"कवापास्नं?"

"दिवाळीच्या आदीपास्नं."

गणपतीनं मनात महिने मोजले. "आनि मला एका शब्दानं बोलली न्हाईस?"

"बोलून काय करायचं हुतं?" तिचा आवाज चढला आणि लगेच बसला. "तानाबाईचं असंच सुरू झालतं. आधी तळवं पेटलं, मग साखर निघाली, मग फोड झाला. दोन बोटं काढली तिची. डागदरकडं गेलं की माझीबी साखर निघणार, ठावं हाय मला. न्हाई गेलं तर न्हाई निघत."

तानाबाई तिची थोरली बहीण, मुरगूडला असायची. बोटं काढली तेव्हा आक्काताई दवाखान्यात तिच्या उशाशी अकरा दिवस बसली होती. गणपती तेव्हा गिरणीत डबल पाळी करत होता. त्यानं त्या अकरा दिवसांबद्दल तिला कधी फारसं विचारलं नव्हतं.

तो खाली जाऊन बादलीत पाणी घेऊन आला. फडकं पिळून तिचे तळवे पुसले, पुन्हा भिजवलं, पुन्हा पुसले. बाहेर माऊंट आपला मृगामागं फिरत होता.

"तुमचं यंत्र चालू हाय न्हवं," आक्काताई म्हणाली. "जावा की."

"चालू दे."

"त्येला काय हुणार न्हाई? लई जपताय."

"दवानं भिजंल. पुसायचं सकाळी." फडकं पुन्हा पिळत तो म्हणाला, "उद्या जायचं डागदरकडं. मी येतो संगट."

"साखर निघाली तर?"

"निघाली तर निघाली. पन पाय तुझं हायती, तानाबाईचं न्हवं."

तिला ते पटलं नाही, हे त्याला कळलं. पण तिनं पाय त्याच्या मांडीवरच राहू दिले आणि पहाटेच्या सुमारास तिचा डोळा लागला.

साखर निघालीच. उपाशीपोटी दोनशे चाळीस. इचलकरंजीच्या डॉक्टरबाईंनी आक्काताईला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनच्या बारीक, ताठ दोऱ्यानं तळव्याला ठिकठिकाणी टोचून विचारलं, कळतंय का. आक्काताई बहुतेक टोच्यांना जोरात "व्हय" म्हणत होती. दोनदा तर डॉक्टरबाईंनी टोचायच्या आधीच म्हणाली. डावा अंगठा सोडला तर सगळीकडं कळत होतं.

"वेळेत आलात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गोळ्या सुरू करू. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. रोज पाय उलटे करून बघायचे, फोड-चीर दिसली तर लगेच यायचं. आणि जेवणानंतर अर्धा तास चालायचं."

"चालतंयच की ती," गणपती बोलून गेला. आक्काताईनं त्याच्याकडं डोळे वटारून बघितलं.

आग एकदम थांबली नाही. पहिल्या आठवड्यात तिळमात्र फरक पडला नाही, तेव्हा आक्काताईनं गोळ्यांना शिव्या घातल्या. तिसऱ्या आठवड्यात ती एके रात्री सलग चार तास झोपली आणि उठल्यावर गणपतीला हलवून सांगितलं, "चार तास." मधे दोन रात्री पुन्हा वाईट गेल्या. डाव्या अंगठ्याचा बधिरपणा तसाच राहिला. रोज सकाळी बुद्धवंदना झाली की गणपती चष्मा लावून तिचे तळवे बघायचा. गिरणीत साच्याचे बेअरिंग बघायचा तसंच, बोट फिरवत, एकही जागा न सोडता. तिला गुदगुल्या व्हायच्या आणि ती त्याला लाथ मारायची.

खिडकीवरचं काळं कापड त्यानं काढून टाकलं. वर दिवा लागला तर लागू दे, असं त्यानं निशा मॅडमना फोनवर सांगितलं आणि सगळी हकिगतही सांगितली.  मॅडम म्हणाल्या, "काका, फोटो पुढच्या वर्षीही काढता येतो."

"व्हय," गणपती म्हणाला, "पन ह्या वर्षीबी थोडा काढतो की."

त्यानं रोज काढला नाही. जेवण झालं की दोघं स्टेशनच्या रस्त्यानं चालायला जायची. परत येईस्तोवर साडेनऊ वाजायचे. मग उरलेल्या वेळात जमले तर चार-पाच फोटो. कधी आक्काताई उठायची, तेव्हा चप्पल घालून सरळ खाली यायची आणि स्वयंपाकघरात त्याच्यासमोर बसायची. त्यातला एखादा फोटो वाया जायचा. गणपती वहीत फुली मारायचा.

मार्चच्या मध्यावर मृग लवकर पश्चिमेला कलायला लागला. तोवर त्याच्याकडं नीट असे अकराच फोटो जमले होते. निशा मॅडमनी ते एकावर एक रचून पाठवले. सगळीकडं वाळू सांडल्यासारखे दाणे होते आणि मधोमध एक पुसटसा काळा आकार.

आक्काताईनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आडवा केला. "कुठं हाय घोडं?"

गणपतीनं बोट ठेवून दाखवलं.

"हाय खरं," ती म्हणाली. एवढंच म्हणून तिनं मोबाईल परत दिला आणि बूट घालायला खाली बसली. प्रसेनजीतनं पाठवलेले पांढरे बूट. लुगड्याखाली ते घालायची तिला पहिल्यांदा लाज वाटली होती, आता रस्त्यात भेटलेल्या बायकांना ती ते पाय पुढं करून दाखवायची.

दोघं बाहेर पडली. गणपतीच्या डोक्यात पुढच्या हिवाळ्याचं गणित चाललेलं होतं, त्यामुळं पाय झपाझप पडत होते.

"हळू चाला की," मागून आक्काताई म्हणाली. "पाय माझं दुखत्यात, तुमचं न्हाईत."

तो थांबला. ती जवळ आल्यावर दोघं बरोबरीनं स्टेशनकडं निघाली.